सांगायचं कुणाला?

कुक्षी हा धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातला तालुका. संस्थानी काळात तो धारच्या पवारांचा परगणा होता. मराठी वाचकाला धार-देवास म्हटलं की आधी पवारांचे वाडे आणि मोडी कागद आठवतात. पण धारहून निघून कुक्षीला पोचेपर्यंत माळवा मागे पडून निमाड लागलेलं असतं. एका अंगाला बडवानी, दुसऱ्या अंगाला अलीराजपूर, खाली नर्मदा. भिल्ल आणि भिलाला कुटुंबं फळियांमध्ये, म्हणजे पाड्यांमध्ये, विखुरलेली, एक घर या टेकाडावर तर दुसरं पलीकडच्या. कोरडवाहू जमिनीतला मका आणि कापूस निघाला की दिवाळीनंतर घरातली धडधाकट माणसं गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीच्या आधी भगोरियाच्या बाजाराला परततात. मुलं मागे राहतात, कधी आजीपाशी, कधी सरकारी वसतिगृहात.

आता जानेवारीतली एक रात्र डोळ्यांपुढे आणा. पन्नास जागांचं वसतिगृह, पाचवीतला एक मुलगा. त्याच्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप मोठ्या मुलांनी उचकटलंय. साबण, तेलाची बाटली, आईने निघताना दिलेली वीस रुपयांची नोट, सगळं गेलंय. विचारायला गेला तर कानाखाली बसली. गणिताची वहीही पेटीतच होती, तिचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. सकाळी वर्गात गृहपाठ नाही म्हणून गुरुजींनी त्याला कोंबडा केलं, सगळा वर्ग हसला. हसणाऱ्यांत रात्रीची मोठी मुलंही होती, कारण मुलं कमी असली की दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत बसतात. संध्याकाळी त्याने कुणाला सांगायचं? आईबापांचा एकच मोबाइल, तो सुरतेकडच्या कुठल्याशा बांधकामावर, त्यात बॅलन्स असला तर असला. अधीक्षक गावातून अप-डाउन करतात, पाच वाजता निघून जातात. चौकीदार त्या मोठ्या मुलांपैकी एकाचा काका. आणि मुलाला जे सांगायचंय ते भिलालीत आहे, ऐकणाऱ्याला हिंदी लागते.

हा मुलगा कल्पनेतला आहे, पण यातली एकही गोष्ट ओढूनताणून आणलेली नाही. शाळेतली हिंसा रोखण्याच्या चर्चा सहसा कायद्यापासून किंवा कॅमेऱ्यापासून सुरू होतात. मला वाटतं, त्या या मुलाच्या प्रश्नापासून सुरू व्हायला हव्यात. त्याला मारणारे दोन आहेत, हसणारे वीस आहेत आणि ऐकणारं कुणी नाही. पहिल्या दोन आकड्यांवर आपण पुष्कळ विचार केला आहे.

मारणाऱ्यांत पहिला नंबर गुरुजींचा, कारण त्यांचा मार सर्वांत जास्त मुलांना पोचतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांशी बोलून एक मोठा अहवाल काढला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१०मध्ये सात राज्यांत ६,६३२ मुलांना विचारलं. या ना त्या प्रकारची शिक्षा कधीच झाली नाही, असं म्हणणारी मुलं किती निघाली? नऊ. टक्केवारी काढायचीही गरज नाही.

इथे ‘शिक्षा’ म्हणजे नुसती छडी नव्हे. पट्टीचा मार, अंगठे धरून उभं राहणं, उठाबशा, बाकावर उभं करणं, उन्हात मैदानाला फेऱ्या, ‘तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली का’ हा टोमणा, हे सगळं त्यात येतं. छडीने विद्या येते, असं मानणाऱ्या पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. आजही गावच्या पारावर ‘आम्ही मार खाल्ला म्हणून माणसात आलो’ म्हणणारे भेटतात. त्यांना एकच विचारावं, जे मार खाऊन शाळा सोडून गेले ते आज या पारावर कुठे आहेत? त्यांचं मत कुणी घेतलंच नाही.

या समजुतीला कायद्याचाही टेकू होता. १८६० साली इंग्लंडमध्ये ईस्टबोर्नच्या टॉमस हॉप्ली नावाच्या शिक्षकाने एका मंदगती विद्यार्थ्याला इतकं मारलं की तो दगावला. हॉप्लीला शिक्षा झाली, पण निकाल देताना न्यायमूर्तींनी तत्त्व मांडलं की पालक आणि पालकाच्या वतीने शिक्षक ‘माफक आणि वाजवी’ मार देऊ शकतात. एका मुलाच्या मृत्यूच्या खटल्यातून निघालेलं हे वाक्य पुढे शंभराहून जास्त वर्षं शिक्षकांची ढाल झालं, साम्राज्यभर. खुद्द ब्रिटनने सरकारी शाळांतली छडी १९८७मध्ये बंद केली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०००मध्ये दिल्लीच्या शाळांतला मार बेकायदा ठरवला. देशभरासाठी शिक्षणहक्क कायदा आला. तो १ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि त्याचं कलम १७ सरळ सांगतं, कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायचा नाही.

पण हे कलम नीट वाचलं की दोन फटी दिसतात. एक, मारणाऱ्या शिक्षकावर कारवाई व्हायची ती सेवानियमांनुसार, म्हणजे खात्याची चौकशी खात्याकडेच. दोन, हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववी ते बारावीची मुलं त्याच्या बाहेर पडतात. त्यांच्यासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम ७५ उरतं. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरता केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते कलम वापरायला पोलिस ठाण्याची पायरी चढावी लागते. कुक्षीच्या आसपासच्या फळियातला बाप ती कधी चढेल, ते त्याच्या रोजंदारीवर ठरतं. मध्य प्रदेशच्या लोक शिक्षण संचालनालयाने फेब्रुवारी २०२५मध्ये शारीरिक शिक्षेविरुद्ध नव्याने आदेश काढला. कायदा पंधरा वर्षं जुना झाल्यावर पुन्हा ‘मारू नका’ म्हणून परिपत्रक काढावं लागतं, यातच सगळं आलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वसईत सहावीतली एक मुलगी शाळेत उशिरा आली म्हणून तिला पाठीवर दप्तरासह शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. तिची प्रकृती बिघडली आणि काही दिवसांत ती गेली. शिक्षिकेला अटक झाली. प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे दोषाचा निवाडा इथे करायचा नाही. पण एक गोष्ट कोर्टावर अवलंबून नाही. शंभर उठाबशांचा आकडा मोजायला वेळ लागतो. तेवढा वेळ शाळेत मोठी माणसं वावरत असतात.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात खोट नाही. ‘मारायचं नाही तर करायचं काय, ते कुणी शिकवलं का?’ हा प्रश्न मी जितक्या शिक्षकांकडून ऐकलाय तितका दुसरा कुठलाच ऐकलेला नाही. डीएड झालं तेव्हा पाठटाचण शिकवलं, फळ्यावरचं अक्षर शिकवलं. चाळीस मुलांचा गोंगाट हात न उचलता कसा थांबवायचा हे कुणी शिकवलं नाही. त्यात एका शिक्षकावर दोन-तीन इयत्ता, मतदार यादीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराचे हिशेब. थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. युगांडातल्या लुवेरो जिल्ह्यात ४२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. ‘रेझिंग व्हॉइसेस’ या संस्थेने शिक्षकांना शाळेचे नियम मुलांसोबत बसून ठरवायला शिकवलं, शिक्षेऐवजी चूक भरून काढायच्या वाटा दाखवल्या, आणि हे काम मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंत सगळ्यांत नेलं. २०१५मध्ये निष्कर्ष छापून आले. या शाळांत शिक्षकांकडून मार खाण्याचा धोका ४२ टक्क्यांनी घटला होता. शिक्षकांना दटावण्यापेक्षा त्यांच्या हाती दुसरं काही देणं जास्त लागू पडतं, एवढं तरी यातून दिसतं. मात्र युगांडातही मार शून्यावर आला नाही, हेही सांगून टाकावं.

आता मोठ्या मुलांकडे वळू. मुलांमुलांतल्या छळाला ‘पोरांची मस्ती’ म्हणून सोडून देण्याची रीत जगभर होती. ती मोडली नॉर्वेत. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे कारण असावं, असं पुढे आलं. देश हादरला आणि सरकारने १९८३मध्ये शाळांसाठी राष्ट्रीय मोहीम आखली. मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्व्हेउस सत्तरच्या दशकापासून याच विषयावर काम करत होते. त्यांनी बर्गेनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांचा अभ्यास केला. दोन वर्षांत छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या.

ऑल्व्हेउसांच्या कामातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग अगदी साधा आहे. वर्ग मोठा असला की छळ जास्त, शहरात जास्त, खेड्यात कमी, हे समज त्यांच्या आकड्यांत टिकले नाहीत. मधल्या सुट्टीत मैदानावर जितके जास्त शिक्षक, तितका छळ कमी, हे मात्र टिकलं. छळाला जागा लागते. संडासामागची भिंत, जिन्याखालचा कोपरा, पाण्याच्या टाकीची मागची बाजू. कुठल्याही शाळेतल्या मुलांना कागदावर शाळेचा नकाशा काढून द्या आणि भीती वाटते तिथे फुली मारायला सांगा. अर्ध्या तासात मुख्याध्यापकांना वर्षभरात कळलं नसेल ते कळेल. वसतिगृहात हा नकाशा रात्रीचाही काढायला हवा, कारण दिवसा निरुपद्रवी दिसणारी न्हाणी दिवे गेल्यावर तशी राहत नाही.

आणि हसणारे वीस? त्यांच्यावर फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी काम केलं. छळ ही दोघांतली गोष्ट नसून अख्ख्या वर्गाची असते, असं त्यांनी १९९६मध्ये मांडलं. एक मारतो, एकदोघं धरतात, काही हसून चिथावतात, बरेचसे नजर फिरवतात, एखादा मध्ये पडतो. मारणाऱ्याला हवं असतं ते हसणाऱ्यांकडून मिळतं. त्यांच्या विचारावर उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम २००९पासून फिनलंडच्या शाळांत देशभर गेला. त्याचा बराचसा भर नजर फिरवणाऱ्यांना मध्ये पडायला शिकवण्यावर आहे. आपल्या पाचवीतल्या मुलाच्या वर्गात हे अवघड आहे, कारण तिथे सगळ्यांना हसायला गुरुजींनीच लावलं होतं.

तिसऱ्या प्रकारची हिंसा शाळेत जन्मत नाही, फाटकातून आत येते. २०१४च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा. मारहाण सुरू झाली ती शाळेच्या आवारात, दिवसाढवळ्या, असा फिर्यादीचा आरोप होता. नोव्हेंबर २०१७मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. त्या दिवशी आवारात जी माणसं होती त्यांच्यापैकी कुणी फाटक बंद केलं असतं, कुणी आडवं झालं असतं, तर? शाळेने जातीचं भांडण सोडवावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. पण आपल्या आवारात मुलाच्या अंगावर हात पडू द्यायचा नाही, एवढं तर शाळेच्या हातात असतं.

बदलापूरचं प्रकरण सगळ्यांच्या आठवणीत आहे. ऑगस्ट २०२४मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. पालकांना पोलिस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. लैंगिक अत्याचाराविषयीचा पॉक्सो कायदा २०१२पासून आहे. मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं त्याचं कलम १९ सांगतं. न कळवलं तर कलम २१खाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला जास्त. बदलापुरात संस्थाचालकांवरही याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे कारण कायद्यात बसत नाही, हे अजून पुष्कळ संस्थांच्या गावी नाही.

या घटनेनंतर घाईघाईने जो शासन निर्णय निघाला त्यात काय होतं? सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती. यातली सखी सावित्री समिती नवी नव्हती. शाळा, केंद्र आणि तालुका पातळीवर अशा समित्या नेमायचा निर्णय मार्च २०२२मध्येच झाला होता. दोन वर्षांनी त्याची आठवण करून द्यावी लागली. पुष्कळ शाळांत ती समिती म्हणजे कार्यालयाच्या भिंतीवरचा नावांचा फलक.

तक्रारपेटीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपण मुलांचं ऐकतो असं दाखवायची ती सर्वांत स्वस्त सोय आहे. नेहमीची पेटी कशी असते? पत्र्याची, तांबडी किंवा निळी, वर पांढऱ्या रंगात ‘तक्रारपेटी’. लावलेली असते मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, म्हणजे चिठ्ठी टाकणारा हात शिपायाला, लेखनिकाला आणि आत बसलेल्या चारपाच शिक्षकांना दिसतो. उंची मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी. तिसरीतल्या मुलीला टाचा उंचावल्याशिवाय फट सापडत नाही. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. मुख्याध्यापकांचीच तक्रार असेल तर? चिठ्ठी प्रमाण भाषेत लिहायची, नाव लिहावं की नाही हे कुठे सांगितलेलं नाही, आणि टाकलेल्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते कुणालाच कळत नाही. अशी पेटी सहा महिने रिकामी राहते आणि अहवालात ‘तक्रारी निरंक’ असं लिहिलं जातं. निरंक हा आकडा पाहून खूश होणारा अधिकारी मला नेहमी थोर वाटतो.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. घडून गेलेलं सिद्ध करायला ते लागतात. पण कॅमेरा रात्रीच्या वसतिगृहात, वीज गेल्यावर, न्हाणीत चालत नाही, आणि तो कुणाला ‘काय झालं रे?’ म्हणून विचारत नाही.

मग काय चालतं? उत्तराचा एक भक्कम तुकडा आपल्याच देशात, गोव्याच्या एका संस्थेच्या हातून सापडलेला आहे. ‘संगत’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९६मध्ये गोव्यात सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. त्याचं संशोधन सचिन शिंदे आणि सहकाऱ्यांच्या नावाने २०१८मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. प्रयोगाची रचना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शाळांचे तीन गट केले. एका गटात शाळेबाहेरची, प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती नेमली, तिला ‘सेहर मित्र’ म्हणायचं. तिच्याकडे मानसशास्त्राची मोठी पदवी नव्हती. दुसऱ्या गटात तेच प्रशिक्षण, तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला दिलं. तिसऱ्या गटात नेहमीचं चाललं होतं ते.

काम काय होतं? भिंतीवरचं नियतकालिक, मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी आणि तिच्यातल्या चिठ्ठ्यांवर खरोखर चर्चा, मुलं-शिक्षक-पालक यांची समिती, स्पर्धा, कार्यशाळा, आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणं. आठ महिन्यांनी मोजलं. सेहर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं होतं. नैराश्य, छळ, मार खाणं, मार देणं, सगळं घटलं होतं. शिक्षकाने तेच काम केलेल्या शाळांत काहीच फरक पडला नव्हता. पुढच्या वर्षीही पाठपुरावा झाला तेव्हा मित्राच्या शाळांतला फायदा नुसता टिकलेला नव्हे तर वाढलेला दिसला.

हा निकाल शिक्षकांना लागेल असा आहे, पण त्यात त्यांचा अपमान नाही. ज्याच्याकडे आधीच दहा कामं आहेत त्याच्याकडे अकरावं दिलं की ते कागदावरच होतं. शिवाय मुलाच्या बाजूने पाहा. जो गुण देतो, हजेरी घेतो आणि प्रसंगी कान पिळतो, त्याच्यापाशी मन मोकळं करायला किती मुलं जातील? ऐकणारा माणूस सत्तेच्या साखळीबाहेरचा असावा लागतो. शाळेतली हिंसा रोखण्याबद्दल मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. एक माणूस, ज्याचं काम ऐकणं आणि ऐकलेल्याचा पाठपुरावा करणं आहे, दुसरं काही नाही.

सर्वोच्च न्यायालयही या दिशेने आलं आहे. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात जुलै २०२५मध्ये न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. कोटा, पुणे, लातूरसाठी हे ठीक आहे. पन्नास जागांचं वसतिगृह मात्र शंभराच्या आत राहतं, आणि बाहेरचा तज्ज्ञ कुक्षीहून बघितला तर इंदूरला बसलेला असतो. तो आठवड्यातून एकदा येईल असं मानलं तरी आपला पाचवीतला मुलगा त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलेल?

भाषेचा हा अडसर नवा नाही, आणि तो ओलांडलेली माणसंही आपल्यात होऊन गेली. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम करून आल्या होत्या, जिथे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाद. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. १९५७मध्ये काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेलं, सोबत अनुताई वाघ होत्या. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. शंख, शिंपले, पानं, बिया हेच साहित्य. मारून बसवायची वेळच येत नव्हती, कारण मुलाला त्याच्या जागेवरून उचलून परक्या जागी बसवलेलं नव्हतं. शाळेचा पहिला धक्का आदिवासी मुलाला छडीच्या आधी बसतो, तो परकेपणाचा.

कुक्षीहून नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरलं की नंदुरबार जिल्हा लागतो. तिथे नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकात चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत जीवनशाळा काढल्या. मुलं तिथे राहतात, सुरुवातीचं शिकणं त्यांच्याच बोलीत होतं आणि शिकवणारे बहुधा त्याच डोंगरातले. अशा गुरुजींना ‘पेटी फोडली’ हे भाषांतर करून सांगावं लागत नाही. देवासला ‘एकलव्य’ संस्थेचं केंद्र अनेक वर्षं काम करत होतं. तिच्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातला सवालीराम नावाचा काल्पनिक माणूस मुलांच्या पत्रांना उत्तरं द्यायचा. प्रश्न विज्ञानाचे असत, पण आपण लिहिलं की पलीकडून कुणीतरी उत्तर देतं, ही सवय मुलाला लागते. ज्याला प्रश्न विचारायची सवय आहे तो तक्रारही करू शकतो.

तेव्हा कुक्षीसाठी माझी मागणी इंदूरच्या तज्ज्ञाची नाही. भिलाली बोलणारी, बारावी झालेली, जवळच्याच फळियातली एक बाई आणि एक तरुण. दोनतीन वसतिगृहांत मिळून त्यांची नेमणूक, नालंदासारखं प्रशिक्षण, आणि वर देखरेख करणारा एक जाणता माणूस. त्यांची जबाबदारी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे नको, वेगळ्या साखळीत हवी. गंभीर गोष्ट असेल तर पोलिसांना आणि बालकल्याण समितीला कधी कळवायचं, हे त्यांना तोंडपाठ हवं. दिवाळी ते भगोरिया या महिन्यांत त्यांच्याकडे आईबापांचे मोबाइल नंबर असावेत आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाचं घरी बोलणं व्हावं. याला फार पैसे लागत नाहीत. एका वसतिगृहातल्या कॅमेऱ्यांच्या देखभालीचा खर्च एकदा काढून पाहावा.

तोवर वाचकांच्या हातात एक गोष्ट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुम्ही त्या समितीत असाल, किंवा तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत बांधकाम आणि गणवेशाआधी तीन गोष्टी विचारा. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे? गेल्या महिन्यात तिच्यात काय निघालं आणि त्याचं काय केलं? आणि आपल्या मुलाला ज्या भाषेत रडू येतं ती भाषा शाळेतल्या किती मोठ्या माणसांना येते? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. मुलाला स्वतःला लगेच मदत हवी असेल तर १०९८ हा क्रमांक देशभर विनामूल्य आणि चोवीस तास चालतो. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, मुलांच्या झोपायच्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवून घ्या.